स्वस्त बायोसेन्सर चिप : सिलिकॉन तयार आहे, अडतंय ते रक्तापाशी

सूक्ष्मा

‘रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर ओळखणारी चिप, किंमत फक्त शंभर रुपये’ अशी बातमी दर काही महिन्यांनी फिरत येते. माझं काम याच विषयातलं असल्यामुळे बातमीपाठोपाठ नातेवाइकांचा प्रश्नही येतो : मग ही चिप आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात का दिसत नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखा नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. चिप स्वस्तात बनवणं हा आता मोठा प्रश्न राहिलेला नाही. अडतं ते त्या चिपवर खरं रक्त, खरी थुंकी, खरं दूध पडल्यानंतर. आणि आपल्याकडची बहुतेक मेहनत, बहुतेक पैसा आणि बहुतेक हुशार मुलं मात्र पहिल्या अर्ध्या भागावरच खर्च होतात.

सुरुवात ग्लुकोमीटरपासून करू, कारण आकडा सांगणारा आणि घरोघरी पोचलेला बायोसेन्सर (म्हणजे जैविक रेणूच्या मदतीने हवा तो पदार्थ ओळखून त्याचा विद्युत संकेत देणारं साधन) तो एकच. १९६२ साली अमेरिकेत लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम पातळ पडद्याआड अडकवायची कल्पना मांडली. एन्झाइम साखरेचा रेणू ओळखतं, त्याचं ऑक्सिडीकरण करतं, त्यात ऑक्सिजन खर्च होतो. तो किती घटला त्यावरून साखर किती ते कळतं. अडचण अशी की रक्तात ऑक्सिजन किती विरघळलाय हे माणसागणिक बदलतं. १९८४ मध्ये क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ऑक्सिजनच्या जागी फेरोसीन हा मध्यस्थ रेणू वापरून ती अडचण काढली, आणि १९८७ मध्ये पेनाएवढं ग्लुकोमीटर बाजारात आलं. कल्पना ते खिसा, पंचवीस वर्षं. तेही साखरेसारख्या सगळ्यात सोप्या रेणूसाठी.

सोपा का म्हणते? रक्तात साखर भरपूर असते. डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम म्हणजे लिटरला एक ग्रॅम. शिवाय एन्झाइमचा एकच रेणू हजारो साखरेच्या रेणूंवर पाठोपाठ काम करतो, म्हणून करंट आपोआप वाढून मिळतो. एन्झाइम चिवट आहे, वाळवून पट्टीवर ठेवलं तरी टिकतं. आणि गिऱ्हाईक रोज पट्टी विकत घेतं.

आता हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन हे प्रथिन घ्या. अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-टी चाचणीत धोक्याची रेषा लिटरला साधारण १४ नॅनोग्रॅमवर असते. साखरेच्या तुलनेत सात कोटी पट कमी! त्याच लिटरभर रक्तद्रवात अल्ब्युमिन हे दुसरं प्रथिन असतं चाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ट्रोपोनिनच्या जवळजवळ तीनशे कोटी पट. आणि ते अल्ब्युमिन तुमच्या चकचकीत सोन्याच्या इलेक्ट्रोडवर जाऊन चिकटायला एका पायावर तयार असतं. सेन्सर बनवणाऱ्याची खरी लढाई ही आहे. हवा तो रेणू पकडणं जितकं अवघड, त्याहून नको ते रेणू दूर ठेवणं अवघड.

ट्रान्झिस्टरवर आधारलेल्या सेन्सरची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. १९७० मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे इथे पीट बर्गव्हेल्ड यांनी ट्रान्झिस्टरचं धातूचं गेट (करंट कमी-जास्त करणारा भाग) काढून तिथे द्रव आणून ठेवला. द्रवातल्या आयनांमुळे ट्रान्झिस्टरचा करंट बदलला, हाच आयएसफेट. तिथून पुढे अनेकांनी विचार केला की गेटवर अँटिबॉडी बसवली, तिने प्रथिन पकडलं, की प्रथिनाचा विद्युतभार थेट वाचता येईल. ना रंग, ना लेझर, ना सूक्ष्मदर्शक. पण रक्त खारट आहे. त्यातले क्षारांचे आयन प्रत्येक विद्युतभाराभोवती गोळा होतात आणि त्याला झाकून टाकतात. रक्ताइतक्या खारट द्रवात पृष्ठभागापासून एका नॅनोमीटरच्या आसपासच हे झाकण बहुतांश पूर्ण होतं. अँटिबॉडी स्वतःच दहा नॅनोमीटरच्या घरातली. म्हणजे तिने टोकाला पकडलेलं प्रथिन खालच्या ट्रान्झिस्टरला जवळपास दिसतच नाही.

म्हणून असंख्य शोधनिबंधांत मोजमाप केलेलं असतं ते शंभर-हजार पट पातळ केलेल्या बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ क्षार-द्रावणात. तिथे आलेख देखणा येतो. निबंध वाचताना मी आता सर्वात आधी ‘नमुना कशात होता’ ते बघते. बफर असेल तर ती सुरुवात आहे. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) असेल तर बरं. बोट टोचून काढलेलं, न गाळलेलं, न पातळ केलेलं रक्त असेल तर मी तो निबंध दोनदा वाचते.

आणखी एक गणित. ‘फेमटोमोलार संवेदनशीलता’, म्हणजे अतिशय विरळ द्रावणातलेही रेणू ओळखण्याची क्षमता, हा शब्द बातम्यांत फार येतो. एक मायक्रोलिटर थेंबात एक फेमटोमोलार म्हणजे मोजून सहाशे रेणू. ते सहाशे रेणू थेंबात भरकटत भरकटत सेन्सरच्या नॅनोमीटर रुंदीच्या तारेपर्यंत पोचायचे कसे आणि केव्हा? २००५ मध्ये शीहान आणि व्हिटमन यांनी हे गणित मांडून दाखवलं : नुसत्या विसरणावर, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्यावर, सोडलं तर नॅनोसेन्सरला वाजवी वेळात पिकोमोलारच्या (फेमटोमोलारच्या हजार पट) खाली जाणं कठीण. सेन्सर जितका लहान, तितकी त्याच्यापर्यंत रेणू पोचण्याची वाट लांब.

तरीही काही गोष्टी जमल्या, आणि त्या का जमल्या हे बघण्यासारखं आहे. १९९२ मध्ये आलेलं आय-स्टॅट हे हातात मावणारं यंत्र घ्या. सिलिकॉनवरचे सेन्सर असलेलं एकदाच वापरायचं कार्ट्रिज. त्यात दोन-तीन थेंब रक्त. काही मिनिटांत सोडियम, पोटॅशियम, रक्तवायू. त्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट चिप नाही. कार्ट्रिजमध्ये प्रमाणित द्रवाची एक छोटी पिशवी असते. यंत्र आधी ती फोडून चिपला तो द्रव पाजतं, आकडा जुळवून घेतं, आणि मगच रक्त पुढे ढकलतं. प्रत्येक चाचणीआधी कॅलिब्रेशन! चिप थोडीफार बहकली तरी चालतं, कारण ती किती बहकलीय हे यंत्राला त्या क्षणी माहीत असतं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, गोव्याचं. मॉलबायो कंपनीचं ट्रूनॅट. मूळ काम बंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेतलं. बॅटरीवर चालणारं, चिपवरचं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या नकला करून तो ओळखणारी चाचणी. क्षयरोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली आणि त्याच वर्षी कोविडसाठी ते गावोगाव पोचलं. त्याची रचना नीट बघा. दोन यंत्रं आहेत. एक थुंकीतून डीएनए काढून स्वच्छ करतं, दुसरं ते चिपवर वाढवून मोजतं. म्हणजे बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून मान्य केलं की नमुना तयार करणं हे चिपइतकंच मोठं काम आहे आणि त्याला स्वतंत्र यंत्र द्यावं लागेल. चिपवरची रसायनं वाळवलेली, म्हणून ती ३० अंशांपर्यंत फ्रिजशिवाय राहतात.

हे दोन्ही करणाऱ्यांनी ‘किती कमी मोजता येईल’ यापेक्षा ‘कुठे, कोण आणि कशात मोजणार’ हे आधी ठरवलं होतं. आपल्या संस्थांत हा क्रम उलटा असतो, आणि मला तो बदलायला हवा असं कळकळीने वाटतं. इथे इलेक्ट्रॉनिक्सवाले, डॉक्टर, प्रयोगशाळेत काम करणारे सगळेच आहेत. तुमचं मत हवंय.

---

ओमवोल्ट

फार आवडला लेख. मी एम्बेडेड सिस्टिम्समध्ये आहे, पुण्यात. वाचक यंत्राच्या बाजूने थोडी भर.

तीन इलेक्ट्रोडवर ठरलेलं व्होल्टेज ठेवून नॅनोॲम्पिअरमधला करंट मोजणं याला पूर्वी लाखांतला पोटेन्शिओस्टॅट लागायचा. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्रातल्या गटाने ‘चीपस्टॅट’चा आराखडा खुला केला, सुटे भाग ८० डॉलरच्या आत. आता तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एलएमपी९१००० सारखी एकच छोटी आयसी हे काम करते. मात्र ती घेताना एक लक्षात ठेवा : तिच्यात बायस व्होल्टेज (इलेक्ट्रोडला दिलेलं) ठरावीक टक्क्यांच्या पायऱ्यांनीच बदलतं. एका व्होल्टेजवर करंट बघायचा असेल तर उत्तम. सलग व्होल्टेज चढवत नेऊन आलेख काढायचा असेल तर वेगळा डीएसी (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) लावावा लागतो.

आणि ५० हर्ट्झ! घरातल्या विजेची गुणगुण नॅनोॲम्पिअरवर सहज स्वार होते. मोबाइल चार्जिंगला लावून त्यालाच सेन्सर जोडला की आलेख थरथरायला लागतो. बॅटरीवर चालवा, पट्टीभोवती धातूचं आवरण द्या, आणि सॅम्पलिंग २० मिलिसेकंदांच्या पटीत सरासरी काढून करा. निम्मा त्रास तिथेच संपतो.

पण तुमच्या मूळ मुद्द्याशी माझा थोडा वाद आहे. चिपवरचा खर्च वाया जातो असं मला वाटत नाही. एकाच सिलिकॉनवर हजारो सेन्सर घातले तर काही बिघडलेले, काही बहकलेले असले तरी सरासरीने खरी किंमत बाहेर काढता येते. जे काम रसायनाने होत नाही ते संख्येने करता येईल. हे पट्टीवर शक्य नाही.

---

प्राणहिता

मी लॅब टेक्निशियन आहे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात बरीच वर्षं काम केलंय. आमच्याकडे सगळ्यात मोठी गरज सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीची आहे, म्हणून त्यावर लिहिते.

शिबिरात आम्ही सोल्युबिलिटी चाचणी करतो. नळीतलं द्रावण गढूळ झालं, मागची रेघ दिसेनाशी झाली, की सिकल हिमोग्लोबिन आहे. पण वाहक (एकाच पालकाकडून सदोष जनुक आलेला) आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी नमुना जिल्ह्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्यांसाठी जातो. रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर ते कुटुंब वीटभट्टीवर किंवा मिरची तोडायला निघून गेलेलं असतं. मग रिपोर्ट फाइलमध्येच राहतो. लग्न ठरवताना, बाळंतपणात ही माहिती त्यांच्या हातात असायला हवी होती, असं किती वेळा वाटतं.

म्हणून मला चिपची किंमत नंतर, आधी हे हवंय : माणूस समोर बसलेला असताना उत्तर. दहा-पंधरा मिनिटं तो थांबतो. दुसऱ्या दिवशी ये म्हटलं की येत नाही.

आणखी एक. मे महिन्यात आमच्या इथे पारा ४५-४६ वर जातो. स्टोअरच्या खोलीला पत्रा आहे. किटवर ‘३० अंशांखाली ठेवा’ लिहिलेलं असतं. कुठे ठेवायचं?

---

सूक्ष्मा

@प्राणहिता, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे.

सिकलसेलच्या बाबतीत मला आशा वाटते, कारण इथे ट्रोपोनिनसारखा दुर्मिळ रेणू शोधायची वेळ येत नाही. हिमोग्लोबिन रक्तात डेसिलिटरला दहा-बारा ग्रॅम असतं आणि स्वतःच लाल आहे, वेगळा रंग लावायला नको. सिकलमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, त्यामुळे रेणूचा विद्युतभार बदलतो. विद्युतक्षेत्रात दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिनं वेगवेगळ्या वेगाने सरकतात. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या गटाने हे नेमकं हेरलं. सेल्युलोज ॲसिटेट कागदाची बारीक पट्टी छोट्या प्लास्टिक कार्ट्रिजमध्ये बसवली, बॅटरीवर व्होल्टेज दिलं, कॅमेऱ्याने पट्टे वाचले. त्यातून ‘गझेल’ हे यंत्र झालं आणि त्याच्या चाचण्या भारतातही झाल्या. दहा मिनिटांच्या आत वाहक आणि रुग्ण वेगळे. चिप म्हणावं असं त्यात सिलिकॉन नाहीच, कागद आहे. पण रेणू, जागा आणि माणूस तिन्ही ओळखून केलेलं काम आहे.

तापमानाचा प्रश्न मात्र माझ्याकडे सुटलेला नाही. आय-स्टॅटचं यंत्रसुद्धा १६ ते ३० अंशांतच चालतं आणि त्याची कार्ट्रिजं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. अतिदक्षता विभागासाठी ते ठीक, पत्र्याच्या खोलीसाठी नाही. एन्झाइम आणि अँटिबॉडी ट्रेहॅलोज साखरेत मुरवून वाळवल्या तर उष्णता बऱ्यापैकी सोसतात. पण उष्णतेपेक्षा दमट हवा जास्त घात करते, म्हणून प्रत्येक पट्टी शोषक पुडीसह वेगळ्या ॲल्युमिनियम पाकिटात हवी. तो खर्च बातमीतल्या शंभर रुपयांत धरलेला नसतो.

@ओमवोल्ट, संख्येचा मुद्दा मान्य, पण सरासरीने यादृच्छिक चूक कमी होते, सगळ्यांची एकाच दिशेने होणारी चूक कमी होत नाही. अल्ब्युमिन चिकटलं तर हजारही सेन्सरवर सारखंच चिकटतं. त्यावर उपाय म्हणजे अँटिबॉडी नसलेले काही सेन्सर मुद्दाम शेजारी ठेवून त्यांचा आकडा वजा करणं, आणि त्यासाठी तुमची बहुसेन्सर चिप खरोखर उपयोगी आहे.

---

एन्शेडेकर

मी ट्वेंटेतच असतो, म्हणून बर्गव्हेल्डांचा उल्लेख वाचून लिहायला बसलो.

आयएसफेट प्रथिनं पकडण्यात मागे पडला हे खरं, पण तो वाया गेला नाही. आम्लता मोजण्यात तो पक्का बसला. सिद्धांताने २५ अंशांना एका पीएचमागे जास्तीत जास्त ५९ मिलिव्होल्ट मिळतात, आणि चांगल्या ऑक्साइडवर तो त्याच्या अगदी जवळ जातो. काचेचा इलेक्ट्रोड जिथे चालत नाही, उदाहरणार्थ मांस किंवा चीजमध्ये खुपसून मोजायचं असेल, तिथे लोक आयएसफेट वापरतात.

आणि पुढे २०१०च्या सुमारास आयन टोरेंटने याच तत्त्वावर डीएनए वाचणारी चिप काढली. डीएनएच्या साखळीत एक घटक जोडला गेला की एक हायड्रोजन आयन सुटतो. प्रत्येक आयएसफेटच्या डोक्यावर एक सूक्ष्म खड्डा, त्यात एकाच डीएनएच्या असंख्य नकला. सगळ्या एकदम आयन सोडतात आणि तो पीएचमधला धक्का खालचा ट्रान्झिस्टर टिपतो. नेहमीच्या कारखान्यात बनणारं सीमॉस सिलिकॉन, कॅमेरा नाही. ओमवोल्ट यांचं म्हणणं इथे सिद्ध होतं. सूक्ष्मा यांचंही, कारण त्या चिपपर्यंत पोचण्याआधी नमुन्यावर प्रयोगशाळेत तासन् तास काम करावं लागतं.

सिलिकॉनला भिजवणं हीच मुळात अडचण आहे हेही सांगायला हवं. चिपच्या कडेने केसासारख्या बारीक सोन्याच्या तारा जोडलेल्या असतात. मध्यभाग ओला करायचा आणि चार मिलिमीटरवरच्या तारा कोरड्या ठेवायच्या. त्यासाठी इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) लावतात, पण तिच्या कडेतून ओल हळूहळू आत सरकते आणि काही तासांनी आकडा सरकायला लागतो. चिपपेक्षा तिचं पॅकेजिंग महाग पडतं ते यामुळेच. एकदाच वापरून टाकायच्या कार्ट्रिजचा एक फायदा इथेही आहे : तिला पाच मिनिटं टिकली तरी पुरे.

---

डॉ_सह्यकडा

फिजिशियन म्हणून एक विनंती. ‘स्वस्त’ यंत्राचा चुकीचा आकडा रुग्णाला फार महाग पडतो, हे बनवणाऱ्यांनी कायम डोळ्यांसमोर ठेवावं.

ग्लुकोमीटरचंच घ्या. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३च्या मानकाप्रमाणे १०० मिलिग्रॅमच्या पुढे ९५ टक्के वाचनं प्रयोगशाळेच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागतात. म्हणजे खरी साखर २०० असताना १७० किंवा २३० दिसणं नियमात बसतं. त्यात रक्तक्षय असेल तर बऱ्याच पट्ट्यांवर साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसते, कारण रक्तपेशी कमी म्हणजे द्रव जास्त आणि साखर इलेक्ट्रोडपर्यंत लवकर पोचते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. युरोपातल्या निरोगी स्वयंसेवकांवर तपासलेली पट्टी आमच्या बाह्यरुग्ण विभागात जशीच्या तशी खरी कशी ठरेल?

याहून गंभीर प्रकार घडलेला आहे. एका विशिष्ट एन्झाइमच्या, म्हणजे पीक्यूक्यू प्रकारच्या ग्लुकोज डिहायड्रोजिनेजच्या पट्ट्या माल्टोज या दुसऱ्या साखरेलाही ग्लुकोज समजायच्या. पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांच्या द्रवात आयकोडेक्स्ट्रिन असतं, त्यातून माल्टोज तयार होतं. यंत्र साखर खूप दाखवायचं, इन्सुलिन दिलं जायचं, आणि खरी साखर तळाला जायची. मृत्यू झाले. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. रसायनातली एक बारीक निवड होती ती.

म्हणून नवीन सेन्सरबद्दल मी तीन गोष्टी विचारतो. आमच्या रुग्णांत तपासलात का, पॅरासिटामॉल आणि क जीवनसत्त्व घेतलेल्यांत तपासलात का, आणि यंत्राला शंका आली तर ते आकडा दाखवायचं थांबतं का. तिसरं सर्वात महत्त्वाचं.

थेरानोस या अमेरिकी कंपनीची आठवण कुणीतरी काढेलच, म्हणून मीच काढतो. बोटाच्या थेंबातून शेकडो चाचण्यांचा तो दावा २०१५ मध्ये उघडा पडला आणि २०२२च्या जानेवारीत संस्थापिका फसवणुकीबद्दल दोषी ठरली. पण त्यामुळे बोटाच्या थेंबावर होणाऱ्या सगळ्याच चाचण्या संशयास्पद मानणं अन्यायाचं होईल. बोट पिळलं की रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि पेशी फुटून पोटॅशियम वाढतं, ही मर्यादा खरी आहे. साखर, हिमोग्लोबिन, मलेरियाची पट्टी, सिकल यांना ती पेलते.

---

कुतूहल२१

ताई, मी कोल्हापूरला एमएस्सी करतोय, रसायनशास्त्र. आमच्याकडे क्लीनरूम नाही, एक जुना पोटेन्शिओस्टॅट आहे. प्रोजेक्टला बायोसेन्सर घ्यायचा विचार आहे. ग्राफीन, सोन्याचे नॅनोकण असं काहीतरी घेतलं तरच पेपर होतो असं सगळे सांगतात. नक्की कुठून सुरू करू?

---

सूक्ष्मा

@कुतूहल२१, क्लीनरूम नाही हे चांगलंच झालं असं समज. पॉलिस्टर फिल्मवर कार्बनची शाई आणि सिल्व्हर क्लोराइडची शाई छापून इलेक्ट्रोड होतात. लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटर हे काम करू शकतो. जाळीचा दर्जा आणि शाई वाळवायचं तापमान दोन्ही वहीत लिहून ठेव.

पहिले काही आठवडे कुठलाही जैविक रेणू आणू नकोस. पोटॅशियम फेरीसायनाइड घे, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, आणि सायक्लिक व्होल्टामेट्री (व्होल्टेज चढवत-उतरवत करंट मोजणं) कर. दोन शिखरांमधलं अंतर आदर्श इलेक्ट्रोडवर ५९ मिलिव्होल्ट असतं. छापील कार्बनवर ते बरंच जास्त येईल, घाबरू नकोस. महत्त्वाचं हे की एकाच शीटवरच्या वीस पट्ट्यांवर सारखं येतंय का. ते येत नसेल तर पुढे काहीही लावलंस तरी त्यातून आकडा निघणार नाही. मी प्रोजेक्ट तपासते तेव्हा एका पट्टीवरच्या सुंदर आलेखापेक्षा वीस पट्ट्यांवरचा साधा आलेख मला कितीतरी जास्त विश्वासार्ह वाटतो.

मग ग्लुकोज ऑक्सिडेज लाव, आधी बफरमध्ये, मग बाजारात मिळणाऱ्या गाईच्या सीरममध्ये. दोन्हींतला फरक हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा कर. पट्ट्या खोलीच्या तापमानाला ठेवून दर आठवड्याला तपास आणि पावसाळ्यात काय होतं ते बघ. कोल्हापूरच्या पावसात टिकलेली पट्टी ग्राफीनशिवायही छापण्यासारखी आहे. माणसाचं रक्त मात्र नीतिसमितीच्या परवानगीशिवाय अजिबात नको, स्वतःचंसुद्धा नको.

सिलिकॉनवर काम करायची इच्छा झालीच तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सुविधा वापरू देणारा सरकारी कार्यक्रम आहे, इनअप नावाचा. आयआयएससीतल्या प्रा. नवकांत भट यांच्या कामातून उभी राहिलेली पाथशोध ही कंपनीही बघ. हातात मावणाऱ्या एकाच यंत्रावर एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, सगळं छापील पट्ट्यांवर. तुझ्या प्रयोगशाळेपासून ते फार दूर नाही.

---

दूधगंगा

मी दूध संकलनात आहे. विषय माणसांच्या रक्ताचा चाललाय, पण आमच्याकडेही हीच गरज आहे. प्रतिजैविकांसाठी टँकर उतरवण्याआधी पट्ट्या वापरतात, रेघ बघून ठरवतात. पण एक टँकर म्हणजे शेकडो शेतकऱ्यांचं दूध. सापडलं तर सगळंच नाकारलं जातं, आणि कुणाच्या गोठ्यातून आलं ते कळत नाही. गावच्या डेअरीत, प्रत्येकाच्या किटलीला परवडेल असं काही होऊ शकतं का? आणि बुरशी लागलेल्या पेंडीतून दुधात येणारं अफ्लाटॉक्सिन हे विषही बघायला हवं.

---

सूक्ष्मा

@दूधगंगा, अफ्लाटॉक्सिन एम१ ची आपल्याकडची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. ट्रोपोनिनच्या मानाने हे पुष्कळ म्हणायचं, साधारण पस्तीस पट. त्यामुळे संवेदनशीलतेची भीती नाही. भीती आहे ती स्निग्धांशाची आणि केसीन या दुधातल्या प्रथिनाची. दुधातले हे कण इलेक्ट्रोडवर साय धरतात. आणि म्हशीचं दूध, गाईचं दूध, सकाळचं, संध्याकाळचं, प्रत्येकाची साय वेगळी. साध्या हाताने फिरवायच्या सेंट्रिफ्यूजने किंवा गाळणीच्या कागदाने आधी मलई काढली तर बरंच सोपं होतं, पण तो वेळ रांगेत उभ्या शेतकऱ्यांसमोर मिळतो का, हे तुम्हीच सांगू शकाल.

प्रत्येक किटलीला पट्टी परवडणार नाही. दहा किटल्यांचे थेंब एकत्र करून एक पट्टी, आणि ती बिघडली तरच दहा वेगळ्या, असं करता येईल. कोविडच्या काळात पीसीआरचे नमुने याच पद्धतीने एकत्र तपासले गेले. मात्र दहा पट पातळ झालेलं दूधही मर्यादेच्या आत पकडता यायला हवं, म्हणजे सेन्सर ०.०५ मायक्रोग्रॅमपर्यंत विश्वासाने उतरला पाहिजे.

---

दूधगंगा

सकाळी साडेपाच ते सात एवढाच वेळ. एका शेतकऱ्यामागे मिनिटभरसुद्धा नाही. थेंब बाजूला काढून ठेवून नंतर तपासलं तर चालेल, कारण टँकर आठनंतर येतो. एक तास मिळतो.

---

ओमवोल्ट

एक तास असेल तर आठ वाहिन्यांचं वाचक यंत्र करू. एकदम आठ पट्ट्या, बॅटरीवर. खर्च आणि वेळ दोन्ही हिशेबात बसेल असं वाटतं. सूक्ष्मा, पट्टीचा करंट साधारण किती येईल ते कळवा, मी बोर्डाचा आराखडा खुला ठेवीन, ज्याला हवा त्याने घ्यावा.

---

डॉ_सह्यकडा

दुधासाठी ते उत्तमच. पण रुग्णांसाठी वापरायचं झालं तर परवान्याचा भाग विसरू नका. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत; रोगनिदानाची उपकरणं जोखमीप्रमाणे ए ते डी अशा चार वर्गांत येतात. कुठल्या वर्गात बसणार हे प्रोटोटाइपच्या वेळीच बघितलं तर कोणत्या नोंदी ठेवायच्या ते कळतं. शेवटी कागद गोळा करायला गेलात तर निम्मे प्रयोग पुन्हा करावे लागतात.

---

प्राणहिता

सूक्ष्माताई, तुम्ही विचारलं होतं कुठे, कोण आणि कशात मोजणार. माझ्याकडून यादी देते, एखाद्याने बनवायला घेतलं तर उपयोगी पडेल.

पिपेट नको, बोटाला लावला की थेंब आपणच ओढून घेणारी पट्टी हवी. हातमोजे घातलेले असताना पाकीट फाडता आलं पाहिजे. पडद्यावर मराठी हवं, आणि उन्हात दिसलं पाहिजे. लॉटचा नंबर यंत्राने आपोआप वाचावा, हाताने टाकायला लावू नये, गर्दीत चुकतो. नेटवर्क नसताना निकाल साठवून ठेवावा. सिकलसाठी यंत्राने स्वतःहून विचारावं की तीन महिन्यांत रक्त चढवलंय का, कारण चढवलेलं असेल तर दुसऱ्याचं हिमोग्लोबिन दिसतं आणि रुग्ण वाहक ठरतो. आणि वापरलेली पट्टी टाकायला डबा सोबत यावा.

आशाताईंना दोन तासांत शिकवता आलं तर ते यंत्र आमच्याकडे चालेल.

---

सूक्ष्मा

@प्राणहिता, ही यादी मी आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावते आहे. रक्त चढवल्याचा प्रश्न तर आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या स्टोअरच्या खोलीत वर्षभर तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा छोटा लॉगर ठेवता येईल का? तो मी पाठवते, पाठवायचा पत्ता खासगी निरोपात द्या. पट्ट्या टिकतात का हे आम्ही आत्तापर्यंत ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या पेटीत ठेवून बघतो, कारण मानकात तसं आहे. पुढची बॅच तुमच्या खोलीच्या आकड्यांवर तपासायची आहे. @ओमवोल्ट, करंट दोनशे नॅनोॲम्पिअरच्या आत धरा. दुधातली पहिली मोजणी झाली की नेमका आकडा इथेच टाकते.